फूड प्रोसेसर आणि बाबांचं मत

आमच्या घरात 'वाटणं' हे क्रियापद नवराबायकोने आपसात वाटून घेतलेलं होतं. बाबांना वाटायचं आणि आई वाटायची. बाबा डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात होते. दिवसभर चिकूच्या करंड्या चढवून घेऊन घरी आले की त्यांच्या अंगाला गोडूस-आंबूस वास असायचा आणि तोंडी 'मला वाटतं' असायचं. 'मला वाटतं, उद्या पाऊस उघडेल.' 'मला वाटतं, बेबीला सायन्स झेपायचं नाही.' 'मला वाटतं, आमटीत आज कोकम जास्त झालंय.' हे नुसतं वाटणं नसे, हुकूम असे, आणि पाऊस सोडला तर बाकी सगळे तो पाळत. आई स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पाट्यावर बसलेली असायची. वरवंटा पुढे ढकलताना 'यांना वाटतं' आणि मागे ओढताना 'मी वाटते' असं ती त्या खरखरीच्या आडून म्हणायची. बाबांना ते कधी ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तरी ती गाणं म्हणतेय असंच त्यांना वाटलं असतं.

मसोलीतलं आमचं घर दोन खोल्यांचं आणि एका स्वयंपाकघराचं, पण त्याची सकाळ पाट्याच्या आवाजाने व्हायची. आधी सुकी खरखर, मग नारळ पडला की ओली सर्र, मग आई बोटाने वाटण निपटून घेई तेव्हा बांगड्यांचा दगडावर किणकिणाट. मी अंथरुणात पडून नुसत्या आवाजावरून ओळखायची की आज वालाचं बिरडं आहे की ओल्या बोंबलाचं कालवण. जेवण आमचं साधं. तांदळाची भाकरी, वाटणाचं काहीतरी ओलं, वर भात. आई मसोलीच्या शाळेत शिकवायची. शाळा पाच मिनिटांवर, त्यामुळे पहिली घंटा होईपर्यंत तिचा हात वाटणात आणि तोंड विभक्तीत. 'ना ही चतुर्थी, नी ही तृतीया,' हे मी शाळेत शिकायच्या आधी पाट्यावरून शिकले, आणि कुठल्याही चांगल्या मुलीप्रमाणे लगेच विसरले.

त्या वर्षी माझी बारावी झाली होती, म्हणजे जगातलं सगळं शिकून झालेलं होतं. आज मी त्या मुलीकडे बघते तेव्हा दोन थोबाडीत द्याव्यात आणि मग हसावं, की आधी हसून घ्यावं, एवढाच प्रश्न पडतो. केसांची एक बट कपाळावर मुद्दाम सोडलेली, आणि कांताबेनकडून उसन्या आणलेल्या रंगीत मासिकातल्या स्वयंपाकघरांवर जीव जडलेला. कांताबेन म्हणजे भिंतीपलीकडच्या आमच्या गुजराती शेजारीण. त्या चित्रांतल्या बायकांची नखं लाल असत. आमच्या आईची हळदीने पिवळी. मला वाटे, सुधारणा म्हणतात ती पिवळ्याकडून लालकडे जात असणार. पाट्यावर जन्मात बसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि ते ठरवण्यासाठी मला कुणी पाट्यावर बसवलंही नव्हतं.

मग जूनमध्ये आईची बदली वेवजीला झाली. वेवजी म्हणजे तलासरीच्या पुढे, जवळजवळ गुजरातच. पहाटेची एसटी धरायची, तलासरी नाक्यावर उतरायचं, तिथून जीप मिळाली तर जीप, नाही तर चपला. परत यायला संध्याकाळ. आईने बदलीचा हुकूम वाचला, घडी करून डब्यात ठेवला आणि म्हणाली, 'जाईन मी.' घरात तिला 'अगं' म्हणत, शाळेत 'बाई' म्हणत. या दोन शब्दांमधला फरक तिला वेवजीपर्यंत न्यायला पुरेसा होता.

बाबा काही बोलले नाहीत, कारण काय वाटतं ते ठरायला त्यांना वाणगावची आत्या लागायची. ही बाबांची थोरली बहीण. बाबा तिला आक्का म्हणत. वाणगावचा बाजार उरकून ती महिन्यातून एकदोनदा वांगी आणि मतं घेऊन यायची. वांगी बरी असत.

'दोन गाड्या बदलून बाई जाणार, आणि घरात काय, तू पाव खाणार?' आत्या म्हणाली. 'सोडायला सांग नोकरी.'

बाबांनी आईकडे बघितलं. आई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. पण थापण्याचा आवाज बदलला. बाबा भाकरीवाचून जगू शकत नसत, आणि तो आवाज त्यांना कळत असे. 'मला वाटतं,' ते सावकाश म्हणाले, 'गणपतीपर्यंत बघू. आपला दीड दिवसाचा गणपती, सगळी आळी प्रसादाला येते. ते सगळं रीतसर झालं तर जाऊ दे तिला. नाही झालं, तर मग राजीनामा.'

आईने नुसतं 'बरं' म्हटलं. तो 'बरं' ऐकून माझ्या अंगात मात्र वीरश्री संचारली. आईची नोकरी मी वाचवणार होते. कशाने, तर यंत्राने.

स्टेशनजवळच्या हॉलमध्ये मुंबईहून एक टायवाला आला होता. जूनच्या उकाड्यात डहाणूत टाय लावणारा माणूस म्हणजे एक तर वेडा, नाही तर विक्रेता. त्याच्यापुढे टेबलावर पांढराशुभ्र फूड प्रोसेसर. घमेल्याएवढं प्लास्टिकचं भांडं, वर नळकांडं, बाजूला चकत्या, पाती, रस काढायची चाळणी. अकरा कामं करतो म्हणे. आमच्या घरी एकटी आई त्याहून जास्त करायची, पण तिला खोक्यात घालून कुणी विकत नव्हतं. टायवाल्याने नळकांड्यात गाजरं घातली आणि खाली नाण्यांसारख्या चकत्या पडल्या. कोबीचा कीस पडला. मग गव्हाचं पीठ घातलं, पाणी ओतलं, घों केलं, आणि बघता बघता आत कणकेचा गोळा उड्या मारू लागला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात. आमच्या घरात वर्षाकाठी गाजर एकदा यायचं, तेही कुणी आजारी पडलं तर, आणि कणीक फक्त पाहुण्यांसाठी मळली जायची, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्या डोक्यात आलं नाही. भाकरी खाणाऱ्या घराने कणीक मळायचं यंत्र घ्यायचं, याला आमच्याकडे डोंगराला नांगर लावणं म्हणायला हवं.

आईने मात्र हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा. 'यात वाटण होतं का?'

'मॅडम, सगळं होतं.'

'म्हणजे मूठभर खोबरं, चार मिरच्या, थोडी कोथिंबीर. एवढंसंच. गंधासारखं बारीक.'

टायवाल्याने पुन्हा एकदा कणीक मळून दाखवली.

शेजारच्या टेबलावर तीन भांड्यांचा साधा मिक्सर ठेवला होता. आईचा हात त्याच्या सगळ्यांत लहान भांड्यावर गेला. तिने ते उचललं, आत बघितलं, आपली मूठ आत घालून मापही घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा पदर ओढला. 'आई, मिक्सर काय, कुणाकडेही असतो!' मिक्सर कुणाकडेही असतो तो का, असा प्रश्न त्या मुलीला पडायला हवा होता. पण बारावीत तो आलेला नव्हता. आई बिचारी घाईत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिने माझा घेतला. मी काडीपेक्षाही हलकी निघाले ते पुढे. बाबांचा दिवाळीचा बोनस टीव्हीसाठी जपून ठेवला होता. मी आठवडाभर इतकी डोकेफोड केली, की शेवटी 'मला वाटतं, घेऊन टाका' असा निकाल आला, तो बहुधा शांतता मिळावी म्हणून.

परवा माझी नात सई ठाण्याहून फोनवर म्हणाली, 'आजी, फूड प्रोसेसर घ्यायचाय. हजार वॅटचा घेऊ की कमी? एकाला साडेचार तारे आहेत.' मी म्हटलं, बाळ, तारे आकाशात बघायचे. तू रोज खातेस काय ते सांग. आणि ते भांडं, झाकण, पातं, चकत्या, हे सगळं धुणार कोण ते सांग. ती म्हणाली, 'धुवायला मावशी येतात.' म्हणजे मावशींना विचार कुठला घेऊ ते. आजकालच्या मुली पन्नास लोकांची मतं वाचून चुकतात. आम्ही एकाही माणसाचं न ऐकता चुकायचो. आमची पद्धत झटपट होती.

यंत्र घरी आलं त्या दिवशी ते सुरूच होईना. बटण फिरवलं, काही नाही. प्लग बदलला, काही नाही. बाबा पुढे झाले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि 'मला वाटतं, आत काहीतरी सैल आहे' म्हणून झाकणावर एक बुक्का हाणला. टक् असा आवाज झाला, झाकण खाचेत बसलं आणि यंत्र एकदम घों करून सुटलं. बाबा मागच्या मागे तांदळाच्या डब्यावर बसले. ट्यूबलाइट मिणमिणली, रेडिओ खरखरला, भिंतीपलीकडून कांताबेन ओरडल्या, 'बेबी, आ शुं? घरमां विमान उतर्युं के?' झाकण फिरवून टक् झाल्याशिवाय ते चालत नाही, हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं. पुस्तिका मी वाचली होती, म्हणजे चित्रं बघितली होती. शेवटच्या दोन पानांवर नुसतीच अक्षरं होती, म्हणून ती सोडली. त्या दिवसापासून बाबा स्वतःला यंत्रातले जाणकार समजू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बुक्क्याची जागा दाखवू लागले.

आणि मग माझं राज्य सुरू झालं. आई पहाटे भात-भाजी करून जायची, बाकीचं माझ्याकडे. यंत्र कणीक मळतं म्हणून मी घराला चपात्या खायला लावल्या. कणीक यंत्र मळायचं, पण लाटायचं मला आणि चावायचं बाबांना. त्या चपात्या अशा वातड, की बाबांची मतंसुद्धा कमी झाली, जबडा मोकळाच नसायचा. काकडीच्या चकत्या, बटाट्याच्या चकत्या, दुधीच्या चकत्या, जे हाती लागेल ते नळकांड्यात. आत्या एकदा ताटाकडे बघून म्हणाली, 'जेवायला वाढलंयस की गल्ला उपडा केलायस?' खऱ्या वाटणाची तर गंमतच. मूठभर खोबरं त्या घमेल्यात टाकलं की पातं वरून फिरायचं आणि खोबरं भिंतींना जाऊन चिकटायचं, जत्रेतल्या पाळण्यात माणसं काठाला धरून बसतात तसं. थांबवायचं, झाकण काढायचं, खरवडायचं, झाकण लावायचं, टक्, घों, पुन्हा भिंतीला. शेवटी मी पाणी ओतायची. पाणी ओतलं की वाटणाची आमटी व्हायच्या ऐवजी आमटीत वाटण पोहायचं.

आई संध्याकाळी यायची, पायांवर तलासरीची लाल माती घेऊन, आणि तोंडात वेवजीच्या पोरांचे नवेनवे शब्द. ती दमलेली असे, पण तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसे. चपाती मोडून ती म्हणायची, 'छान झालीय हो.' मला ते खरंच वाटायचं. इतका मूर्खपणा फक्त तरुणपणीच पेलतो.

गणपती आले. पहिला दिवस सुट्टीचा, आई घरी, मोदक तिने केले, माझ्या यंत्राला तिने सारणाजवळ फिरकू दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि नेमकी त्याच दिवशी वेवजीच्या शाळेत साहेबांची तपासणी. रजा मागायची सोयच नव्हती. संध्याकाळी चारला आरती, मग विसर्जन. विसर्जनाचा प्रसाद म्हणजे आमच्याकडची वाटली डाळ. माझ्या आजोबांपासून चालत आलेली. आळीतली पोरं गणपतीला निरोप द्यायला येत की डाळीला, हे गणपतीलाही माहीत होतं. आईने रात्रीच मोठ्या पातेल्यात चणाडाळ भिजत घातली. जाताना दारात थांबून मला म्हणाली, 'भरड वाट. पीठ नको करू. थोडी थोडी घाल.' आणि मग बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, 'बेबी, आज तेवढं नीट होऊ दे गं.' तिच्या पिशवीची तिने मुठीत गुंडाळलेली कड मला दिसली. एवढं दिसूनही मी 'आई, तू बिनधास्त जा' म्हटलं, आणि बट कपाळावर ओढली.

'थोडी थोडी' हे शब्द म्हाताऱ्यांसाठी असतात. यंत्राला कसली थोडी थोडी! आधी मी हौसेने काकडीच्या चकत्या केल्या आणि यंत्राची पात्याची चकती धुताना बोट असं कापून घेतलं की उजव्या हाताला फडकं बांधावं लागलं. मग तीन वाजत आले तेव्हा सगळीच्या सगळी डाळ, मिरच्या, आलं त्या घमेल्यात काठोकाठ भरलं, झाकण दाबून टक् केलं आणि बटण फिरवलं. घों झालं. मग घूं. मग म्हैस पाण्यात बसताना करते तसा एक आवाज आला आणि सगळं शांत झालं. जळकट वास सुटला. वर अख्खी डाळ आणि तळाला तिचा चिखल, मला वाकुल्या दाखवत.

बाबा सोवळ्यात धावत आले. बुक्का मारला. दुसरा मारला. तिसरा मारताना त्यांनाही कळलं की हा आजार वेगळा आहे. 'मला वाटतं, मोटार गेली,' ते म्हणाले.

'कांताबेनकडे मिक्सर आहे,' मी म्हणाले आणि पळाले. त्यांच्या दाराला कुलूप. त्यांचं पर्युषण चालू होतं, सगळं कुटुंब देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात. परत आले तर आत्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, गणपतीच्या शेजारी, जवळजवळ त्याच्याच थाटात बसलेली.

'केळी वाटा लोकांना,' ती म्हणाली. 'आणि म्हणून सांगत होते, घरची बाई घरात लागते. नको तिथे शिकवायला गेली.'

बाबा म्हणाले, 'आक्का, आबांपासून डाळ आहे या घरात. केळी कशी देऊ? तू बस ना जरा पाट्यावर. तुझा हात बसलेला आहे.'

'मी?' आत्याने गणपतीकडे बघितलं, साक्ष काढल्यासारखं. 'माहेरवाशीण मी. माहेरी येऊन पाट्यावर बसू? आणि आज ऋषिपंचमी, माझा उपास. अंगात त्राण आहे का?'

बाबा माझ्याकडे वळले. मी फडकं बांधलेलं बोट वर केलं. पुढारी निशाणी दाखवतात तसं.

'मग काय मी बसू?' बाबा म्हणाले.

हा प्रश्न नव्हता. 'नाही नाही, तुम्ही कशाला' असं कुणीतरी म्हणावं म्हणून केलेली ती सोय होती. ते थांबले. आत्या गणपतीकडे बघत होती, गणपती समोर बघत होता, मी बोटाकडे. बाहेर आळीतल्या पोरांनी झांजा वाजवून बघायला सुरुवात केली होती. बाबांनी सोवळं वर खोचलं, खिडकीखाली गेले आणि पाट्यासमोर बसले. उलटे बसले. मी त्यांना फिरवलं.

पहिला घास डाळीचा त्यांनी पार्सलची करंडी सरकवावी तसा ढकलला. अर्धी डाळ पलीकडे भिंतीवर गेली. 'पुढे रेटू नका, जोर मागे ओढताना,' मी सांगितलं. मी पाट्यावर कधी बसले नव्हते, पण सतरा वर्षं तो आवाज ऐकला होता. खरखर कशी व्हायला हवी ते मला कानांनी माहीत होतं, आणि बाबांची होत नव्हती. आत्या खुर्ची ओढत दारापर्यंत आली आणि तिथून सूचना देऊ लागली. माहेरवाशिणीला बसायची बंदी होती, बोलायची नव्हती. 'कोपर दुमड. अरे, कोपर! पाणी नको घालूस, डाळ आहे ती, चटणी नव्हे. केवढी ती जाड!' घाम बाबांच्या नाकावरून टपकायला लागला तेव्हा त्यांनी तो मिरचीच्या हाताने पुसला. मग जे ओरडले, ते ऐकून झांजा थांबल्या.

डोळ्यांना पाणी लावून ते पुन्हा बसले. हे मात्र मी त्यांच्या खाती जमा करते, ते पुन्हा बसले. हळूहळू खरखर जरा जमायला लागली. थोड्या वेळाने त्यांनी मान वर न करता विचारलं, 'हे ती रोज करायची?'

'रोज.'

'कधी करायची?'

'तुम्ही घोरत असायचात तेव्हा.'

त्यावर एरवी मला चापट मिळाली असती, पण हात मोकळा नव्हता. आणि नेमकी तीच वेळ साधून आत्या म्हणाली, 'म्हणूनच म्हणते ना. सांग आज ती आली की. मला वाटतं, आता पुरे झाली ती नोकरी.'

वरवंटा थांबला. बाबा लालबुंद डोळ्यांनी वर बघत होते, कपाळाला डाळ चिकटलेली. 'तुला वाटतं ना, आक्का?' ते म्हणाले, आणि पाट्यासमोरून जरा बाजूला सरकले. 'मग ये. बस इथे आणि वाट.'

आत्या खुर्ची ओढत परत गणपतीशेजारी गेली. त्यानंतर विसर्जनापर्यंत तिचा उपास बोलण्यालाही लागू झाला.

डाळ झाली. फोडणी मी दिली, डाव्या हाताने. कुठे अख्खा दाणा, कुठे लगदा, मिरची एका जागी गोळा. आळीतल्या एका पोराला पहिल्याच घासाला ठसका लागला आणि त्याने 'मोरया'चा गजर मध्येच सोडून पाण्याकडे धाव घेतली. पण लोकांनी खाल्ली, आणि पातेलं रिकामं झालं. भक्ती म्हणतात ती हीच. आम्ही समुद्रावर जाऊन आलो. बाबांनी रिकामा पाट आणि ओली वाळू घरात आणून ठेवली, आणि दोन्ही हात ताकाच्या भांड्यात बुडवून ओट्याशेजारी बसले. मिरचीची आग तीन वेळा ताक बदलूनही उतरेना.

आई आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. चपला काढता काढता तिने आधी यंत्राकडे बघितलं, मग आत्याकडे, मग ताकातल्या हातांकडे. वाटीत तिच्यासाठी डाळ ठेवली होती. तिने चिमूटभर तोंडात टाकली आणि हळूहळू चावली. मुलांच्या वहीत ती पहिल्यांदा चुका बघायची नाही, अक्षर कुणाचं ते ओळखायची. तशीच चावत होती.

'कुणी वाटली?'

'बाबांनी वाटली,' मी म्हणाले.

आई चतुर्थी-तृतीयेच्या सवयीने म्हणाली, 'बाबांना. बाबांना काय वाटलं?'

'ना नाही, आई. नी. बाबांनी वाटली.'

तिने वाटी खाली ठेवली. बाबा ताकाकडे बघत होते. 'मला...' त्यांनी सुरुवात केली आणि पुढचा शब्द आला नाही. जन्मात पहिल्यांदा आला नाही. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, 'तुझी ती गाडी किती वाजताची?'

'साडेपाच.'

'मलाही उठव,' बाबा म्हणाले. 'नारळ तरी खोवून देईन.'

राजीनाम्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. नारळ त्यांनी रोज खोवला असं मी लिहिणार नाही, हे आत्मकथन आहे, आरती नव्हे. पण आठवड्यातून तीनदा खोवला, आणि प्रत्येक वेळी सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. यंत्राची मोटारही गेलेली नव्हती. दोन दिवसांनी आईने चष्मा लावला, पुस्तिकेतली ती नुसत्या अक्षरांची शेवटची दोन पानं वाचली, यंत्र आडवं केलं आणि तळाशी असलेलं बारीकसं तांबडं बटण दाबलं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि यंत्र थांबतं, दाबलं की पुन्हा चालू. घों झालं. बाबा दचकले, आत्या असती तर तीही दचकली असती. पुढच्या वर्षी आईने तीन भांड्यांचा मिक्सर आणला, ते सगळ्यांत लहान भांडं मुठीने मापूनच. प्रोसेसर माळ्यावर गेला. कधी लग्नाकार्याला कुणी कोबी किसायला मागून नेई, आणि परत देताना हमखास एक चकती कमी असे. माझं बोट मात्र पावसाळ्यात अजून ठणकतं. अकरा कामांपैकी तेवढं एक यंत्राने कायमचं केलं.

आई वेवजीला निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. ती तिथली एक गोष्ट सांगायची, आणि दर वेळी सांगताना पदर तोंडाला लावायची. त्या गणपतीनंतर तिने चौथीच्या वर्गात फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. वर 'बाबांना वाटले', खाली 'बाबांनी वाटले'. म्हणाली, फरक सांगा. मग मागच्या ओळीतली एक मुलगी उठून म्हणाली, 'बाई, खालचं वाक्य चुकलंय.'

'चुकलेलं नाही,' आई म्हणाली. 'कमी वेळा होतं, एवढंच.'